थोडा वास

चौकशी कचेरीत सगळे तिला भाषांतरबाई म्हणत. कामगार मराठीत जबानी देत, ती इंग्रजीत उतरवी आणि मराठी न येणारे चौकशी अधिकारी तिच्या कागदावरून निकाल देत. सतरा वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

रंगाच्या कारखान्यात टाकी धुताना एक कामगार गुदमरून मेला. साक्षीदार एकच, त्याचा थोरला भाऊ. तो वर टाकीच्या तोंडाशी दोर धरून उभा होता. जबानीत तो म्हणाला, "धाकटा उतरायच्या आधी मी सुपरवायझरला सांगितलं, साहेब, थोडा वास येतोय. ते म्हणाले, काही होत नाही, उतरा."

'थोडा'पाशी बाई अडखळली. 'स्लाइट' लिहावं तर वास अगदीच पुसट वाटतो. 'सम' लिहावं तर कमी की जास्त, काहीच कळत नाही. 'लिटल' बरा. साधा माणूस, साधा शब्द. तिनं 'लिटल स्मेल' लिहिलं आणि पुढच्या वाक्याला लागली. जेवणाच्या सुट्टीआधी आणखी चार पानं उरकायची होती.

महिन्याभरानं निकाल टाइप व्हायला तिच्याच टेबलावर आला. वास जवळजवळ नव्हताच असं साक्षीदार स्वतःच सांगतो, सबब सुपरवायझर निर्दोष.

तिनं आपलं भाषांतर काढून पाहिलं. 'अ लिटल' म्हणजे थोडा. नुसतं 'लिटल' म्हणजे नसल्यात जमा. शाळेत हे तिनं घोकघोक घोकलं होतं. पण आपल्या बोलण्यात त्या 'अ'ला विचारतो कोण? घाईत तो तिच्या हातून निसटला होता.

ती हेडक्लार्ककडे गेली. तो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला, "बाई, झाकली मूठ राहू द्या. एका अक्षरापायी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"मेलेला माणूस एका अक्षराचा नव्हता," ती म्हणाली आणि आपली चूक तिनं लेखी दिली.

फेरसुनावणीत कंपनीचा वकील शांतपणे उठला. एवढंसं अक्षर ज्यांना सांभाळता येत नाही, त्यांच्या बाकीच्या पानांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? अधिकाऱ्यांना ते पटलं. त्यांनी अख्खी जबानीच बाद केली. दुसरा साक्षीदार नव्हता. निकाल होता तसाच राहिला आणि भाषांतरबाईला आवक-जावकच्या खिडकीवर बसवलं.

रविवारी ती पत्ता शोधत थोरल्याच्या घरी गेली. एकच खोली. चुलीपाशी म्हातारी आई बसली होती. बाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. थोरला मान खाली घालून ऐकत राहिला.

"तुमच्यामुळे नाही झालं, बाई," शेवटी तो म्हणाला.

"माझ्यामुळेच. तुम्ही थोडा म्हणालात आणि मी..."

"थोडा नव्हताच." त्यानं आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाक जळत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण साहेबाच्या तोंडावर एकदम फार कसं म्हणायचं? कामचुकार म्हणतात. म्हणून थोडा म्हणालो. मग जबानीतही तेच सांगितलं. खोटं कशाला बोला?"

बाईनं खाली बसून पिशवीतून वही काढली. तिनं विचारलं, "हे आता सांगाल? मी लिहून घेते. दुसऱ्याकडून भाषांतर करून घेऊ."

"कंपनीनं मला परत कामावर घेतलंय. त्याच खात्यात. आईचं सगळं आता माझ्यावरच." तो उठून दारापाशी गेला. "आणि मला कुणी विचारलं, फार वास येत होता तर भावाला सोडलास कसा खाली, तर मी काय सांगू?"

बाईनं वही मिटली.

म्हातारीला कमी ऐकू येत असावं. तिनं चहाचा कप बाईपुढे सरकवला आणि लेकाला विचारलं, "कोण रे ह्या?"

"कचेरीतल्या आहेत. भेटायला आल्यात."

"धाकट्याला ओळखायच्या का?"

बाईनं कप उचलला. "नाही, आजी," ती मोठ्यानं म्हणाली. "कसा होता, सांगा ना."

म्हातारी पदर सावरून बसली आणि सांगू लागली. थोरला बाहेर पायरीवर जाऊन बसला.