मी, तीन जोड्या स्पीकर आणि एक वही

मी एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा पाहिले नसेल. लोखंडी डबा आणि त्यावर काचेच्या चार नळ्या. त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. गाण्याच्या तबकडीवरून आलेला बारीक आवाज मोठा करून स्पीकरांना द्यायचा, एवढेच माझे काम. नाव मात्र स्पीकरांचे होते. बोलणाऱ्याची माती खपते, असे म्हणतात ते काही खोटे नाही.

मला एका घड्याळजींनी सुट्टीच्या दिवशी खपून बनवले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझी एकेक तार जोडली. पाहुणे आले की ते म्हणत, "ऐका, वादकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" त्यांची धाकटी लेक माझ्यासमोर पालथी पडून ऐकायची. तेव्हा मला गर्व झाला होता, हे कबूल करतो.

पुढे मालक म्हातारे झाले. एकदा म्हणाले, "आवाज मंद येतोय. पांघरुणाखालून आल्यासारखा." त्यांची शिस्त अशी, की एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि वहीत लिहायचे. आधी स्पीकर बदलले. छोटे आणले, उंच आणले, दोघांना उचलावे लागतील असे आणले. वहीत तिन्ही जोड्यांपुढे 'मंद'. मग व्हॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या. पुन्हा 'मंद'. शेवटी दोषी मीच ठरलो. दोन महिने माझ्यावर धूळ साचली आणि एका रविवारी भंगारवाल्याला बोलावणे गेले.

त्या सकाळी लेक आली.

"बाबा, देऊ नका. तुमच्या हातचा आहे तो."

"काय?"

"देऊ नका म्हणतेय!"

"हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," मालक कुरकुरले.

लेकीने शेजाऱ्यांचा कोरा अँप्लिफायर मागून आणला आणि माझ्या जागी जोडला. मालकांनी ऐकले. "हाही मंद! आजकालच्या मालात काही राम नाही."

नाचता येईना अंगण वाकडे! पण मी तारांवाचून पडलेलो, बोलणार कसा?

लेकीने वही उघडली. बराच वेळ वाचत राहिली. मग तिने मला पुन्हा जोडले, मालकांची आवडती तबकडी लावली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. गाण्यात बारीक घंटी वाजली की बोट वर करा."

घंटी सात वेळा वाजली. सातही वेळा मी ती नीट पाठवली. बोट एकदाही वर झाले नाही.

मालकांनी डोळे उघडले. लेकीचे डोळे भरलेले होते.

"किती झाल्या?"

"सात."

मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी वही ओढून शेवटच्या ओळीत लिहिले, 'कान: मंद.' खाली भंगारवाला हाका मारत होता. लेकीने त्याला परत पाठवले.

आता मालकांच्या कानात मटाराच्या दाण्याएवढे यंत्र असते. तोही अँप्लिफायरच, माझा धाकटा भाऊ म्हणा.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि घरातले मोठे माणूस सारखे "काय?" म्हणू लागले, तर चिडू नका, जवळ जाऊन बसा. परवा तीच तबकडी लागली होती. सातांपैकी पाच वेळा मालकांचे बोट वर झाले. उरलेल्या दोन वेळी लेकीने ते हळूच धरून वर केले.