घटासारखी पिवळी मेथी

आतल्या खोलीत दिवसाढवळ्या कुंडीतल्या मेथीवर विजेचा दिवा लावून ठेवते, अशी सुनेची थेरं छबुबाई गल्लीभर सांगत फिरायच्या. त्यांचा नवरात्रातला घट अंधाऱ्या देवघरातही वीतभर वाढायचा, अन् तेजश्रीची मेथी मात्र बुटकीच. म्हणून सून केजला कामावर गेली की त्या दिवा बंद करायच्या, ती यायच्या आत पुन्हा लावायच्या.

मेथी उंच झाली खरी, पण पिवळी अन् लुळी.

"आत्या, तुमच्या अंगात रक्त कमी हाय, म्हणून तुमच्यासाठीच लावली होती," तेजश्री रडवेली झाली. "माझंच कायतरी चुकलं."

छबुबाईंना तिच्याकडं बघवेना. घटाचं अंधारातलं पिवळेपण पूजेला शोभतं, पोटाला त्याचा काय उपयोग?

"तुझं न्हाई चुकलं, पोरी. दिवा मीच बंद करत होते. आता गल्लीतबी मीच सांगते, सून शहाणी हाय, सासूच येडी."