तीन लाइफचा खेळ

कोलकात्याच्या त्या मराठी मंडळात दर वर्षअखेरीस मुलांची भाषणं होत. भाषण आई लिहून देई, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण पोरांना देवनागरी वाचायचा कंटाळा. पोरं ते पोपटासारखं घोकत, पालक टाळ्या वाजवत आणि स्टेजवरून उतरल्या उतरल्या तीच पोरं आपसात बंगालीत भांडत. रविवारचा मराठी वर्ग कालिंदीबाईंकडे आला तेव्हा त्यांनी पहिल्याच वर्षी ही भाषणं बंद केली आणि मंडळाच्या टीव्हीला आपला जुना व्हिडिओ गेम जोडला.

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आल्या त्या वर्षी त्यांनी तो खिदिरपूरच्या बाजारातून आणला होता. आता वयाची सदुसष्ट वर्षं उलटली तरी तासभर खेळल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. नवे गेमही त्या खेळत, आणि खेळता खेळता त्यांना नावं ठेवत.

वर्गाचा नियम सोपा होता. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, हातात कंट्रोलर. बाकीच्यांनी त्याला वाट सांगायची, फक्त मराठीत. शब्द चुकला की हिरो खड्ड्यात. जूनमध्ये "मी पाणी खाल्लं" म्हणणारी पोरं दिवाळीपर्यंत "अरे गाढवा, थांब म्हटलं ना!" असं खणखणीत ओरडू लागली.

पण घरी जाऊन पोरांनी काय शिकलो ते सांगितलं नाही, काय खेळलो ते सांगितलं. ऋषभच्या आईने, अलकाने, तक्रार केली आणि वार्षिक सभेत चिटणीस हेमंतराव उभे राहिले.

"ताई, तुमचा मान आहेच. पण लोक पोरांचे मोबाइल काढून घेतायत आणि आपण इथे गेम लावतोय! गेम बंद करून भाषणं सुरू करा. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."

कालिंदीबाईंना घरी बोलायला कुणी नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस त्या रविवारच्या या एका सकाळसाठी काढत. पण आवाज चढा लागला.

"अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला इथल्या लोकांनी बागबाजारापासून खंदक खणला होता. तुम्ही तर नुसत्या धमकीवर काम भागवताय."

काहीजण हसले. हेमंतराव हसले नाहीत.

"हेमंतराव, मी सगळ्या गेमची वकिली करत नाही. हल्लीचे गेम पोरांना लाडावतात. डोक्यावर बाण, इकडे जा, तिकडे जा. जरा चाललं की बक्षीस. माझ्या गेममध्ये तीन लाइफ. गेल्या की पहिल्यापासून. चूक कुणाची? खेळणाऱ्याची. ही शिस्त तुमच्या भाषणात आहे? तिथे चूक झाली तर आई खालून ओठ हलवते."

"आजी, हे चूक आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत बारा वर्षांचा ऋषभ उभा होता.

"बस खाली," अलका कुजबुजली.

"नाही बसत. आजी, तुझा गेम कठीण का आहे, मला माहीत आहे. कारण तो छोटा आहे. कठीण नसता तर अर्ध्या तासात संपून गेला असता. मग कोण विकत घेणार? ती शिस्त नाही. ती दुकानदारी आहे."

कालिंदीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गेम घेतल्यापासूनच्या तीस वर्षांत असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. "आणि तुझे गेम? तलवारसुद्धा पैसे देऊन घ्यावी लागते!"

"काहींमध्ये लागते. ते मी नाही खेळत. मी एक खेळलो, त्यात एक माणूस आपल्या बहिणीला शोधतो. पूर्ण गेम शोधतो. आणि ती भेटते, पण ती त्याला ओळखत नाही. मी रडलो. आईला नाही सांगितलं. तुझ्या उड्या मारणाऱ्या माणसासाठी तू रडलीस कधी?"



हेमंतराव चष्मा पुसत अलकाकडे वळले. "वहिनी, छान तयारी करून घेतलीत."

"मी?" अलका मुलाकडे पाहत राहिली. "मी एक अक्षर लिहून दिलेलं नाही. घरी हा माझ्याशी मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाही." ती हेमंतरावांकडे वळली. "माझी तक्रार मी मागे घेते."

हेमंतरावांनी घसा खाकरला. "मग असं करू, ताई. गेम फक्त दहा मिनिटं, आणि एखादं छोटं भाषण..."

"नाही. पूर्ण तास. भाषण एकही नाही. नको असेल तर आत्ता ठराव मांडा आणि हात वर करायला सांगा."

"गेम बंद करावा असं कुणाला वाटतं?" म्हणत हेमंतरावांनी सभेवरून नजर फिरवली. एकही हात वर झाला नाही. त्यांनी वहीत 'विषय संपला' असं लिहिलं आणि पुढचा विषय काढला.

कालिंदीबाईंनी तो ऐकलाच नाही. खुर्ची ओढत त्या शेवटच्या रांगेत ऋषभसमोर जाऊन बसल्या.

"रडवणं म्हणजे मोठं काम नाही," त्या हळू पण ठासून म्हणाल्या. "कांदाही रडवतो. त्या बाणाचं सांग आधी. बाण कशाला लागतो तुम्हाला?"

"आजी, तू ऐक तर..." ऋषभने बाह्या वर सारल्या.