चुन्याचं रिंगण

शाळा पुन्हा भरू लागून महिना झाला नाही तोच परिपत्रक आलं. साथीतून बाहेर आलेल्या मुलांच्या मनाची विचारपूस करायची होती. बारा प्रश्नांचा तक्ता, आणि शेवटी 'समुपदेशकाकडे पाठवावे : होय / नाही.' धावडा गावच्या शाळेतले केशव गुरुजी निवृत्तीला आलेले. मोबाइलवर एका दिवसाचं प्रशिक्षण घेऊन त्यांनी सहावीच्या पोरांना एकेक करून लिंबाखाली बोलावलं.

"झोप लागते का रे, अंगद?"

"लागती की. तुमच्या गणिताच्या तासाला तर लईच!"

गुरुजी हसले. मग इंद्रायणी आली. मेंढरं राखणाऱ्या रायभानची लेक. रायभान, तिचा आबा, दुसऱ्या लाटेत गेला. पोर चांगली दोन हात लांब बसली.

"जवळ ये, बाळा. आता भीती नाही."

ती हलली नाही. उत्तरं मात्र पाठ केल्यासारखी देत गेली. झोप लागते. भूक लागते. रडू येत नाही. अकरा प्रश्न झाले, काळजीचं कुठंच काही दिसेना. गुरुजींचं पेन 'नाही'कडे वळलं होतं. बारावा प्रश्न राहिला होता : काही सांगावंसं वाटतं का?

"एक इचारू, गुरुजी? तुम्ही चुन्याचं रिंगण शिकवलं व्हतं ना?"

शिकवलं होतं. साथीत गावाची ड्यूटी त्यांच्याकडेच होती. दुकानांपुढची रिंगणं त्यांनीच आखली, आणि पारावर पोरांकडून घोकून घेतलं : आजारी माणसाभोवती रिंगण, आत पाय टाकायचा नाही, जेवणपाणी कडेला ठेवायचं. इंद्रायणीनं ते एका दमात म्हणून दाखवलं, तेव्हा सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"आबा छपरात निजले व्हते. आई गोळ्या आणाया भोकरदनला गेल्ती. आबानं पाणी मागितलं. मी तांब्या रिंगणाच्या कडंला ठिवला. ते म्हणले, हातात दे, माय. मी म्हणलं, आत यायचं न्हाई, गुरुजींनी सांगितलंय. त्यांना उठताच येईना. आई आली तवा तांब्या भरलेलाच व्हता."

लिंबाचा पाला तिच्या केसांत पडला होता. तिनं तो काढला नाही.

"मी बराबर केलं ना, गुरुजी?"

उभा जन्म बरोबर-चूक सांगण्यात गेलेला माणूस हळूच म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. माझं चुकलं. आतल्या माणसाला उठता आलं नाही तर काय करायचं, ते मी शिकवलंच नाही. तोंडाला फडकं बांधून जायचं, पाणी पाजायचं, हात धुवायचे..."

इंद्रायणी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मंग देता आलं असतं पाणी?"

गुरुजींनी 'होय'वर खूण केली, आणि सरकत तिच्याजवळ गेले. ती तेवढीच मागं सरली.

"लांब बसा, गुरुजी," ती कळवळून म्हणाली. "तुम्हालाबी काही झालं तर?"