मोठं घुबड

ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या गावात बर्फ हटकून पडतो, म्हणून हॅलोविनचा पोशाख आम्ही अंगावर नाही, कोटावर बेतून शिवतो. बाजारातून चकचकीत पोशाख आणणाऱ्या आया ऐनवेळी पोरांना वरून कोट चढवतात, आणि आतली परी कुणाच्या नजरेसही पडत नाही. मी नातीला, टिलीला, आधी जाडजूड कोटात कोंबलं आणि मग टेप हातात घेतली.

"आजी, मी पिल्लू आणि आई मोठं घुबड. दोघींचं सारखं हवं!"

"सारखंच करतेय गं बाई, आधी हलायची थांब."

टिलीची आई, माझी रोंडा, कामासाठी शहरात राहते. पोरगी माझ्याजवळ टाकून गेली ती उन्हाळाभर फिरकली नाही. तिनेच फोनवर कबूल केलं होतं, हॅलोविनला येते, दोघी घुबडं होऊन घरोघर हिंडू. झालं! टिलीने सगळ्या वर्गाला आणि अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

आता मोठं घुबड शिवू की नको? शिवलं आणि ही बया आलीच नाही, तर ते खुंटीवर लटकून पोरीला वाकुल्या दाखवणार. नाही शिवलं आणि आली, तर वाईट मी! शेवटी दिवाणखान्यातला जुना पडदा कापला. नवरा गेल्यापासून त्याचे फ्लॅनेलचे शर्ट नुसतेच पडून होते, त्यांची पिसं कापली आणि खालून वर एकेक ओळ शिवत गेले, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. कडा दुमडत बसले नाही. एका संध्याकाळपुरतं तर घालायचं! कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचे मुखवटे केले. पण चित्त थाऱ्यावर असेल तर ना! गाडीचा आवाज आला की मी खिडकीत, परत आले की दोरा तुटलेला.

हॅलोविनच्या दुपारी फोन वाजला.

"आई, बघते गं, जमलं तर निघते."

"जमलं तर? पोरगी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलीय!"

"अगं, इथे कामावर—"

"तुझी कारणं तुझ्यापाशी ठेव! जमलं तर यायचं असेल तर येऊच नकोस. ऐकलंस? येऊ नकोस!"

फोन आपटला आणि बघते तर टिली टेबलाखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. नसेल ऐकलं, मी मनाशी म्हटलं, आणि पुन्हा मशीनवर बसले. परत फोन करावा असं दहादा वाटलं, पण केला नाही. माझा मेला स्वभावच तसा.

अंधार पडला. गल्लीत पोरांचा कल्ला सुरू झाला, "गोड द्या, नाहीतर खोडी काढू!" टिली पिसं लेवून खिडकीशी उभी. रोंडाचा पत्ता नाही.

"चल, मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

तिने खुंटीकडे पाहिलं. "मग ते तू घाल. पण बोलायचं नाही."

"का गं?"

"नाहीच बोलायचं. एक शब्दसुद्धा नाही!"

मी आणि गप्प! तरी कोटावर पोशाख चढवला, मुखवटा बांधला आणि निघाले.

पहिल्याच दारात विचारलं, "अरे वा, पिल्लाबरोबर कोण?"

"माझी आई," टिली म्हणाली.

मी बोलणारच होते. पण तोंड उघडलं असतं तर पोर उघडी पडली असती. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. "रोंडा, किती दिवसांनी गं!" मी आपली मान डोलवतेय. कोपऱ्यावर दिवे दिसले की वाटायचं, आलीच ही. गाडी तशीच पुढे निघून जायची.

शेवटचं दार समोरच्या व्हर्नाचं. माझी जुनी मैत्रीण, रोंडाला तिने जन्मापासून पाहिलेलं.

"आलीस होय गं रोंडा! आणि तुझी आई, आर्लिस, कुठे राहिली? टिली, आजी कुठेय तुझी?"

"आजी घरी आहे." टिलीने पिशवी पुढे केली. "तिने आईला सांगितलं होतं, येऊ नकोस. तरी आई आली."

ऐकलं होतं तर पोरीने. व्हर्नाने मूठभर चॉकलेटं पिशवीत टाकली, पायरी उतरून खाली आली आणि माझा हात धरला.

"तिचं मनावर घेऊ नकोस, पोरी," ती हळूच म्हणाली. "आर्लिस तोंडाची फटकळ आहे. बोलून जाते आणि मग घरात येरझाऱ्या घालत बसते. आलीस ते फार बरं केलंस."

टिली मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणून मान हलवली.