हात खिशात

बसवनगुडीतल्या उल्काच्या कार्यशाळेत मुलं आपापल्या हातांनी वस्तू बनवायची. तिथे नियम एकच होता, आणि तो मुलांसाठी नव्हता. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक आईबापाने आपले हात खिशात घालायचे. खिसा नसेल तर पाठीमागे बांधायचे. पोरगी स्क्रू उलटा पिळत बसो की पोरगा डिंकाने स्वतःचीच बोटं चिकटवून घेवो, मोठ्यांनी वस्तूला बोट लावायचं नाही. आधी सगळ्यांना गंमत वाटायची. मग पाचेक मिनिटांत हात शिवशिवायला लागायचे, आणि त्यांचे ते कासावीस चेहरे बघून उल्काला आतून गुदगुल्या व्हायच्या.

प्रदर्शनाचीही एक पद्धत होती. वस्तू काय करते हे सांगण्याआधी ती करताना कुठे कुठे चुकलं ते सांगायचं. ज्याचं काहीच चुकलं नाही, त्याला टेबलावर जागा नाही.

त्या रविवारी प्रदर्शन होतं आणि उल्का सकाळपासून खुशीत होती ती शाल्मलीमुळे. अकरा वर्षांची ही पोर कितीतरी महिने एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागली होती. तिच्या आजीला ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, डाळ करपते, आणि म्हातारीला घरात बोलणी खावी लागतात. तर शिट्टी झाली की आजीच्या खोलीत लाल दिवा लागला पाहिजे, एवढंच शाल्मलीचं म्हणणं. आधी तिने आवाज ओळखणारं यंत्र बसवलं. शेजारचा कुत्रा भुंकला तरी दिवा लागायचा. मग ती म्हणाली, आवाज जाऊ दे, आपण वाफ पकडू. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पट्टी तिने कुकरवर टांगली. वाफेने पट्टी वर उडणार, तारेला टेकणार, दिवा लागणार. लागेच ना! त्या पट्टीवर पातळ लेप असतो, तो घासून काढल्याशिवाय वीज जात नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं. तरी दिवा कधी लागायचा, कधी नाही. पण पहिल्यांदा लागला तेव्हा तिने ठोकलेली आरोळी खालच्या हार्डवेअरच्या दुकानात ऐकू गेली होती.

आणि प्रदर्शनाच्या दिवशी तिचे वडील हातात एक गुळगुळीत पांढरा डबा घेऊन आले. पद्मनाभ मूळचा पुण्याचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात आयटीत मोठ्या हुद्द्यावर.

"ताई, सरप्राइज! बेसिकली तिचं डिझाइन अनरिलायबल होतं," तो म्हणाला. "मी बॉक्स थ्रीडी प्रिंट करून घेतला, आत चांगला सेन्सर टाकला. आता शिट्टी झाली की डायरेक्ट मोबाइलवर नोटिफिकेशन."

"कोणाच्या मोबाइलवर?"

"माझ्या."

आजी घरात, डाळ गॅसवर, आणि शिट्टी कळणार महादेवपुऱ्यात! उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तिचं? तिने केलेलं कुठाय?"

"ते होय? सुक्या कचऱ्याच्या गाडीत दिलं काल. सगळं गंजलेलं, तारा लोंबत होत्या."

उल्काने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात शिवलीलाने तिचा दंड धरला. शिवलीला निपाणीची, कार्यशाळेत तिची जोडीदार. "अक्का, स्वल्प थांबा," ती कुजबुजली. "पोरगी बघायलीय."

शाल्मली खरंच बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं उल्काला वाटलं.

कोपऱ्यात सगळ्यांसाठी खिचडीचा कुकर चढवलेला होता. पद्मनाभने डबा त्याच्याजवळच्या प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवला. शिट्टी झाली, त्याच्या खिशात मोबाइल टिंग वाजला, आणि जमलेल्या आईबापांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांचा उल्काला इतका संताप आला की त्या थांबायच्या आतच तिने विचारलं.

"शाल्मली, तू सांग. कुठे चुकलं?"

शाल्मली पुढे आली, टेबलापासून हातभर लांब थांबली आणि तिने दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले.

"मला काय माहीत? बाबांना विचारा."

पद्मनाभ हसला. "चुकलं कुठेच नाही. फर्स्ट ट्रायलला चाललं."

"मग उचला!" उल्का कडाडली. "उचला तो डबा. इथे जागा नाही त्याला."

पद्मनाभचा चेहरा उतरला. "ताई, तिला वाईट वाटू नये म्हणूनच केलं ना मी. एवढ्या लोकांसमोर तिचं चाललं नसतं तर?"

"नसतं चाललं! न चालणारं का होईना, ते तिचं होतं. तिच्या चुकासुद्धा तुम्ही कचऱ्यात घातल्यात हो! आता ती सांगणार काय इथे उभी राहून?"

पद्मनाभने लेकीकडे पाहिलं. तिचे हात अजून खिशातच होते. त्याने डबा उचलून खाली ठेवला.

उल्काला आणखी खूप बोलायचं होतं. पण शाल्मली वळली, भंगाराच्या पेटीकडे गेली आणि खसाखसा उचकायला लागली. गोळ्यांचं एक रिकामं पाकीट, सॅंडपेपर, तारेचा तुकडा. ती तिथेच फरशीवर बसली आणि दात-ओठ खात पट्टी घासू लागली. नाक वाहत होतं, ते तिने बाहीला पुसलं. पहिली पट्टी फाटली. तिने ती भिरकावली आणि दुसरी घेतली.

पद्मनाभ तिच्या शेजारी उकिडवा बसला. "अगं, इतकं जोरात नाही," तो हळूच म्हणाला. "थांब, मी धरतो—"

त्याचा हात पट्टीपर्यंत पोचला होता.

"बाबा, हात खिशात!"

ती एवढ्या जोरात ओरडली की शिवलीलाच्या हातातला डाव खाली पडला. पद्मनाभ उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले. कुकरची शिट्टी झाली. त्याच्या मुठीखाली मोबाइल टिंग वाजला, पण तो त्याने बाहेर काढला नाही.