शिवरामाचं शेत वाजतंय

मी भोंगा बोलतोय. सभेला, हळदीला, पूजेला उंच बांधतात ना, तो लाउडस्पीकरचा भोंगा. जन्मभर बोललो, पण त्यातलं माझं काहीच नव्हतं. आज पहिल्यांदाच मागे ॲम्प्लिफायर नाही की माइक नाही. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या.

त्या बुधवारी मी अंगणात पालथा पडलो होतो. माझ्या घशात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं आणि माझा मालक शिवराम सायकलच्या तारेने ते खरवडत होता. त्याची बायको गोजरा पक्षाच्या राज्य अधिवेशनाला देशावर गेली होती. म्हणून चुलीवर भात शिवरामानेच ठेवलेला, आणि तो लागल्याचा वास सुटला होता. खाडीवरून वारा येत होता. कोंबड्या ओट्याखाली बसल्या होत्या. लक्षात राहावं असं त्या दुपारी काहीच नव्हतं.

तेवढ्यात भगवान आला. भगवान आमच्या गावातला पक्षाचा माणूस, अधिवेशनाला गोजराबरोबर गेलेला. हातात पिशवी तशीच, म्हणजे घरी न जाता बसवरून थेट इकडे. एरवी हा कुंपणापलीकडूनच शिवरामाला 'काय भोंगेवाले' म्हणून हाक मारायचा. आज आत आला, ओट्याच्या कडेला टेकला.

"दादूस," तो म्हणाला, "वयनी बोलली काल. लोका उभी राह्यली."

शिवरामाने तार थांबवली. "बसायला जागा नव्हती काय?"

भगवान हसला नाही. पिशवीतून त्याने एक कॅसेट काढली आणि ओट्यावर ठेवली. एका कार्यकर्त्याने भाषण टेप केलं होतं. गोजरा वाटेत पनवेलला बहिणीकडे उतरली होती, संध्याकाळपर्यंत येणार होती. काय बोलली ते मात्र भगवानने सांगितलं नाही. "तूच आयक," एवढंच म्हणाला आणि शिवरामाकडे न बघता निघून गेला.

भगवानला शिवरामाकडे बघता का आलं नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी मुंबईत ग्रँट रोडकडच्या एका गाळ्यात जन्मलो. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर गरगर फिरवून मला आकार दिला, वर चंदेरी रंग मारला. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. खाडीच्या या अंगाला नवं शहर व्हायचं ठरलं होतं, आणि भातखाचरं, मिठागरं सरकार ताब्यात घेत होतं. भाव पटत नाही तोवर पैसे कोणी उचलायचे नाहीत, असा गावाने निर्णय घेतला होता. पण शिवरामाच्या शेताचा बांध भरतीने फुटला होता. खारं पाणी आत शिरलं आणि दोन पिकं गेली. बांध घालायला गावातून कोणी आलं नाही. मग शिवरामाने पैसे उचलले. मुंबईला जाऊन मला आणलं, ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि टेप आणला, आणि माझ्या काठावर तांबड्या रंगात 'शिवराम साउंड सर्व्हिस' लिहून घेतलं.

पुढे सगळ्यांनीच पैसे उचलले. कोणाच्या फटफट्या आल्या, कोणाची लग्नं झाली. पण पहिला शिवराम होता, आणि गाव पहिल्याला विसरत नाही. पहिल्या सभेत मी खरखरलो, तेव्हा भगवान म्हणाला, "आयका, शिवरामाचा शेत वाजतंय." सगळी सभा हसली. तेव्हापासून मी कुठेही लागलो की कोणीतरी ते म्हणायचंच. हळदीला, गणपतीला, मयताच्या दहाव्यालासुद्धा.

शिवराम कधी उलटून बोलला नाही. तो सभेत बसायचाच बंद झाला. माझा बांबू रोवायचा, वायर ओढायची आणि बांबूमागे ॲम्प्लिफायरजवळ पाठमोरं बसायचं. माइकवर तो एकच शब्द बोलायचा, "हॅलो." आवाज बरोबर आला की माइक दुसऱ्याच्या हातात.

बहुतेक वेळा तो हात गोजराचा असे. गोजरा आमच्या पट्टीतली धवलारीण. आमच्या आगरी गावांत धवलारीण नसेल तर लग्न उभं राहत नाही. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. गणपतीला, गावदेवीला, वेशीवरच्या म्हसोबाला, खाडीला. नाव घेतलं की देवाला यावंच लागतं, असं ती म्हणायची. पूर्वी तिचा आवाज ओटीपुरता होता. मी आलो आणि तो चार गावांवर जाऊ लागला. माइकपासून किती लांब उभं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे शिवरामाने तिला शिकवलं. भगवानला अधिवेशनात बोलायला एक बाई हवी होती, तेव्हा माइकला न घाबरणारी बाई पंचक्रोशीत हीच होती.

त्या संध्याकाळी गोजरा आली तेव्हा मी देवळाजवळच्या माडावर चढलेला होतो. सगळ्या गावाला भाषण ऐकायचं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि शिवरामाला म्हणाली, "आधी तुमी घरान आयकाचा होता." शिवराम म्हणाला, वायर जोडून झालीये.

टेप सुरू झाली. आधी खोकले, खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग गोजरा. आणि तिने भाषण सुरू केलं ते धवल्याच्या चालीत. आयुष्यभर ज्या चालीत देवांना बोलावलं, त्याच चालीत ती जमिनी गेलेल्या गावांना बोलावत होती. ये गो घणसोली, ये गो बोनकोडे, कोपरखैरणे ये. लांबचीही घेतली. कामोठ्याला बोलावलं, न्हावा शेव्याला बोलावलं. एक गाव सोडलं नाही.

माझ्या तोंडातून ते खाडीच्या कडेकडेने गेलं. अंधार पडायच्या आत शेजारच्या गावांतल्या बायका येऊ लागल्या. नवी लुगडी, डोक्यात अबोलीचे गजरे, हातात नारळ आणि तांदूळ भरलेलं सूप. पाठोपाठ पुरुष, धुतलेले सदरे घालून. घणसोलीची म्हातारी गिरजाबाई सगळ्यांत पुढे. ती स्वतः धवलारीण, गोजराची गुरूच म्हणा. आल्या आल्या तिने विचारलं, "नवरा कुठला?"

त्यांची चूक नव्हती. भोंग्यावर गोजराचा आवाज, चाल धवल्याची आणि त्यात आपल्या गावाचं नाव. आमच्याकडे याला दुसरा अर्थच नाही. नाव घेऊन बोलावल्यावर न जाणं म्हणजे अपमान. कोणाच्या घरी अचानक हळद निघाली, तेवढंच आश्चर्य करत ती माणसं निघाली होती.

गोजराला लाजून कुठे तोंड लपवू असं झालं. भगवानने खुलासा केला. कोणी हसलं, कोणी कुरकुरलं. गिरजाबाई मात्र तापली. धवला लग्नाचा, तो पक्षाच्या मांडवात गायचा म्हणजे काय, असं तिने गोजराला सगळ्यांदेखत सुनावलं. पण आलेल्या माणसांना कोण परत पाठवणार? घरोघरून चहा आला, गोधड्या अंथरल्या, आणि शिवरामाने टेप पुन्हा सुरुवातीला नेली.

या वेळी सगळी गप्प बसून ऐकत होती. गावं बोलावून झाल्यावर टेपमधली गोजरा साध्या आवाजात बोलू लागली.

"आमचे दारान शहर आलाय. येऊ द्या. लोकांना घरा पायजेत, पोरांना नोकऱ्या पायजेत. आमी नाय बोलत नाय. पन आमचेच दारान आमाला पावनं नका करू."

इथे टेपमध्ये टाळ्या होत्या. माडाखालीही झाल्या. त्या सरल्यावर ती पुढे म्हणाली,

"आमचे गावान भोंगा लागला का लोका हसतान. बोलतान, शिवरामाचा शेत वाजतंय. तो शिवराम माझा नवरा हाय. त्याचा बांध फुटला तवा कोन आला नाय. त्यानं पैसं घेतलं, भोंगा घेतला. माइकपुढं कसा उभा राह्याचा ता त्यानंच मना शिकवला. बाकीच्यांची शेता मुकी गेली. आमचा शेत बोलतंय. म्हनून आज मी हितं उभी हाय."

टेपमधली माणसं उठून उभी राहिल्याचा आवाज कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. आधी टाळ्या नसतात. आधी नुसत्या खुर्च्या.

सगळ्यांच्या माना माडाच्या बुंध्यामागे, ॲम्प्लिफायरकडे वळल्या. शिवराम तिथेच होता, पाठमोरा. त्याचा हात आवाजाच्या बटणावर होता आणि त्याने आवाज कमी केला. चालू कार्यक्रमात त्याने माझा आवाज कधी दाबला नव्हता. भगवान ओरडला, "वाढव, दादूस." शिवरामाने वाढवला.

मग प्रत्येकजण गोजरापाशी येऊन काहीतरी बोलला. एका तरुणाने म्हटलं, भाषण होतं की गाणं तेच समजलं नाही, पण अंगावर काटा आला. एका बाईने सुपातले तांदूळ तिच्या ओटीत घातले, आणलेच आहेत तर परत कशाला न्यायचे म्हणून. गिरजाबाई सगळ्यांत शेवटी उठली. तिचा राग गेला नव्हता. "चाल एका ठिकानी चुकलीस," म्हणाली, आणि मग गोजराच्या गालाला हात लावून, "पन माझे गावाचा नाव बरोबर जाग्याव घेतलास, बाय."

गोजरा सगळ्यांना हो, हो म्हणत होती आणि डोळे माडाच्या बुंध्यामागे होते.

माणसं पांगल्यावर ती शिवरामाजवळ आली. तो वायर गुंडाळत होता, कोपरावरून पंजावर, पंजावरून कोपरावर.

"कसा जाला?" तिने विचारलं.

शिवरामाने दोन वेढे घेतले. "आवाज कुठं फाटला नाय," तो म्हणाला.

ती हसली. "एवराच?"

"दव पडतंय. वायर भिजंल."

"बरा. सांगा सवडीनं," ती म्हणाली आणि ओटीतले तांदूळ सांभाळत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई आल्या. आमच्या गावामागे ज्या नव्या इमारती झाल्या, त्यांतल्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. त्यांच्या यजमानांनी माझ्याबद्दल पोलिसांत दोनदा तक्रार केलेली, त्यामुळे शिवराम जरा सावध उभा राहिला. पण त्या गोजराला भेटायला आल्या होत्या. त्यांचं देशावरचं माहेर धरणात गेलं होतं. काल गॅलरीत कपडे काढताना त्यांनी ती गावांची नावं ऐकली आणि कपडे तसेच हातात राहिले. म्हणाल्या, "आमच्या गावाला अशी हाक कुणी मारलीच नाही हो." गोजराने त्यांना गावाचं नाव विचारलं. पुढच्या हळदीला तिने ते घेतलं, म्हसोबाच्या नंतर आणि खाडीच्या आधी. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली, हा कुठला देव म्हणून.

त्यानंतरची दोन वर्षं ती पुष्कळ बोलली आणि मी पुष्कळ फिरलो. मोर्चे, बैठका, पनवेलपर्यंत. 'शिवरामाचा शेत वाजतंय' लोक अजून म्हणत, पण आता म्हणताना हसत नसत. भगवान तर सभेची सुरुवातच तशी करायचा. गोजराने शिवरामाला पुन्हा काही विचारलं नाही. कधीतरी जेवताना ती त्याच्याकडे बघत थांबायची. मग भात वाढायची.

शिवरामाकडे बोलायला काही नव्हतं असं समजू नका. दुपारी ती घरात नसली की तो टेप लावायचा. मला जोडायचा नाही, टेपचाच बारीक आवाज. त्याचं नाव येतं त्याच जागी आणून थांबवायचा आणि मागे न्यायचा. माइकसमोर बसून 'हॅलो' म्हणायचा, पुढे काही जुळवायचा आणि बटण बंद करायचा. चांगलं बोलता येईल त्या दिवशी सांगू, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. त्याच्या बायकोसाठी भरल्या मांडवातली माणसं उठून उभी राहिली होती. तिच्यापुढे साधं बोलणं त्याला कमी वाटत होतं. मी एवढी वर्षं माणसांची भाषणं वाहिली, म्हणून सांगतो, तसं काही लागलं नसतं.

पावसाळ्याच्या शेवटी गोजराला ताप आला. आधी घरचा काढा झाला, मग वाशीचा डॉक्टर, मग मुंबईचं इस्पितळ. शेवटी शेवटी ती कोणाला ओळखत नव्हती, तरी नावं घेत होती, चालीत. शिवराम उशाशी होता. तो तिचे पाय दाबत होता, पाणी पाजत होता. इस्पितळात मोठ्याने बोलायचं नसतं, असं तो नंतर भगवानला म्हणाला.

गोजराच्या दहाव्याला लोकांनी ते भाषण लावायला सांगितलं. मला माडावर चढवलं. शिवराम माइकशी बसला आणि म्हणाला, "हॅलो." थोडं थांबून पुन्हा, "हॅलो." सगळं गाव वाट बघत होतं. मग त्याने माइक बाजूला ठेवला आणि टेप सुरू केली.

आता ऐंशीचं दशक संपत आलंय. लग्नांना स्पीकरचे मोठे डबे लागतात, जमीन हादरवणारे. मी माळ्यावर असतो. खाऱ्या हवेने काठ खाल्लाय, तांबड्या अक्षरांतलं 'शिवराम' तेवढं वाचता येतं. कुंभारीण माशीने पुन्हा घर बांधलंय आणि ते काढायला आता कोणी येत नाही. माझी तक्रार नाही. तिला तरी जागा झाली.

मला खाली काढा असं म्हणत नाही. एवढंच सांगतो. घरातलं कोणी कधी तुम्हाला 'कसं झालं' म्हणून विचारील. तेव्हा हातातली वायर खाली ठेवा. भिजली तर भिजू दे.

शिवराम अजून संध्याकाळी ओट्यावर बसतो. भाषण त्याला सगळं पाठ आहे. ते कसं झालं, हे गोजराला सांगायचं राहून गेलं.